भरलेल्या सापळ्याचा आकडा

कपाशीवर गुलाबी बोंडअळी उतरली त्या वर्षी यवतमाळच्या एका सल्ला केंद्रात अनघाकडे एकच काम होतं. रात्रभरात शेतातल्या सापळ्यांत या अळीचे किती पतंग अडकले ते गावोगावचे निरीक्षक मोबाईलवरून कळवत. ही माहिती जेसन नावाच्या साच्यातल्या फाईलमध्ये येई; ती अनघाचा प्रोग्राम वाची आणि धोक्यातल्या गावांना दुपारी चारला इशारा धाडी.

त्या दिवशी प्रोग्राम फुलसावंगीजवळच्या तांड्यावर अडला. अनघाने प्रोग्राममधला मॅप, म्हणजे नाव आणि त्यापुढची किंमत यांची जोडयादी, कडक बांधला होता: सापळ्याच्या नावापुढे पूर्णांक, दुसरं काही चालणार नाही. जावयाचेसुद्धा एवढे नखरे नसतात! तिथले निरीक्षक धावजींनी पहिल्या सापळ्यापुढे ६ लिहिलं होतं, दुसऱ्यापुढे अवतरणचिन्हांत "९", म्हणजे प्रोग्रामच्या लेखी आकडा नव्हे तर शब्द, आणि तिसऱ्यापुढे चक्क "भरला". सगळी फाईल नापास झाली.

"शून्य टाक नि मोकळी हो," तिचे साहेब कमलाकर म्हणाले. "मागचा प्रोग्रामर तेच करायचा. चार वाजायला पाऊणच तास आहे."

तिने नऊ नीट करून घेतला आणि "भरला"च्या जागी शून्य टाकलं. सरासरी पाच आली. धोक्याची रेषा आठवर होती, त्यामुळे तांडा यादीतून गळला. काम फत्ते झालं, पण अनघाचं मन काही मानेना. तिने फोन लावला.

"धावजीभाऊ, तिसऱ्या सापळ्याचा आकडा का नाही लिहिला?"

"कसा लिहू बाई? पतंगानं ठासून भरून गेलता. एकावर एक चिकटले, मोजता येत नाही. अंदाजानं खोटं काहून लिहू?"

सगळ्यात वाईट सापळा तिनेच शून्य केला होता.

मग तिने मॅप सैल केला. सापळ्यापुढची किंमत आकडा असो वा शब्द, येऊ द्यायची. पूर्णांक असेल तर तसाच घ्यायचा, अवतरणातला आकडा बदलून घ्यायचा, आणि ज्याचा आकडा होतच नाही तो शब्द जसाच्या तसा ठेवून गाव सरळ इशाऱ्याच्या यादीत टाकायचं. ओळी जेमतेम बारा. कमलाकर साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून त्या तपासल्या.

चारला इशारा गेला. पाच मिनिटांत धावजींचा फोन.

"मेसेज आला बाई, साऱ्या तांड्याले सांगून राह्यलो. पुढच्या टायमाले अंदाजानं आकडाच टाकू का?"

"नका टाकू," अनघा म्हणाली. तिला फार हलकं वाटत होतं. "दिसेल ते लिहा, भाऊ. समजून घ्यायचं काम माझं."