उजेडातला घास

ताई लग्नांचे फोटो काढायची. सतत बाहेरगावी, त्यामुळे अर्धांगवायूने वाचा गेलेले बाबा धाकट्या भावाकडे असायचे. तो त्यांची फार सेवा करतो असं सगळे म्हणायचे, कारण त्या सेवेचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असायचे.

एक दिवस ती न कळवताच त्याच्या घरी गेली. बाबांची चाकांची खुर्ची खिडकीशी होती. पांढरा पडदा, कुंडीतलं हिरवंगार रोप, घासून लख्ख केलेली वाटी. औषधांच्या बाटल्या आणि ओल्या चादरींचा ढीग मात्र स्टँडवर लावलेल्या फोनच्या कॅमेऱ्यामागे लोटलेला. तिथून मुताचा भपकारा येत होता.

"बरी आलीस," धाकटा म्हणाला. "पडदा जरा धर ना. उजेड फार कडक येतोय."

सवयीने तिने धरलासुद्धा.

त्याने बाबांना घास भरवला आणि फोनच्या पडद्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. "माझं डोकंच कापलं गेलं. परत घेऊ." बाबांच्या हनुवटीवरून भात ओघळत होता. ताई पुसायला वाकली तसा तो खेकसला, "अगं राहू दे! तेच तर लोकांच्या काळजाला भिडतं."

"जेवलेत का ते काही?"

"सकाळी ढग होते गं. आत्ता कुठे ऊन पडलंय."

तिने वाटीला हात लावला. भात गारढोण, वरून कडक झालेला. बाबांनी ओठ गच्च मिटून घेतले. धाकट्याने चेहरा प्रेमळ केला आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूने त्यांचा गाल दाबून तोंड उघडलं. बाबांनी घास त्याच्या अंगावर थुंकला.

"शी! नवा शर्ट होता!"

ताईची नजर फोनवर गेली. सुरकुत्यांवर तिरपा उजेड, थरथरता हात, मागे अंधुक झालेलं रोप. चित्र देखणं होतं. ते आपल्याला देखणं वाटलं, याचीच तिला किळस आली.

तिने खुर्ची वळवली आणि स्वयंपाकघरात नेली. भात गरम केला. बाबा अधाशासारखे खात राहिले, मचमच आवाज करत, नाक गळत. ती पुसत राहिली.

"यांना मी घेऊन जातेय," ती बाहेर येऊन म्हणाली.

"आणि तुझी लग्नं?"

"बघेन मी."

तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. तो क्षणभर विचारात पडला, मग आत जाऊन शर्ट बदलून आला.

ताई टॅक्सीत बाबांना बसवत असताना तो फोन लांब धरून हुंदके देत होता. मध्येच डोळे कोरडे करून ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, गाडी थोडी पुढे घ्या ना. मागे कचऱ्याचा डबा येतोय."

ड्रायव्हरने आरशातून मागे बाबांशेजारी बसलेल्या ताईकडे पाहिलं.

"चला हो तुम्ही," ती म्हणाली आणि बाबांच्या बाजूची काच वर केली.