किल्ली फिरवणारा हात

ज्याच्या त्याच्या दारात चपला. आतून फोडणीचा वास.

“व्हेअर गॉट गन, लाह! बंदूक कुठून येणार, हे सिंगापूर आहे, आई,” असं अनघाचा बारा वर्षांचा वेदांत म्हणाला, तोंडात घास असताना.

दुसरीतल्या बेंजामिनला अंधारात हमखास शिंक येते.

कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं.

शाळेच्या भाड्याच्या इमारतीतली दारं. किल्ली लावायची जागा फक्त बाहेरच्या बाजूला.

*

अनघा ज्या अमेरिकन शाळेत दुसरीला शिकवायची, ती होती तोआ पायोह वस्तीच्या पुढे. २०१८ साली तिथे दर सत्रात एकदा सराव होई. शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं, याचा. मुलांना गालिच्यावर कोपऱ्यात बसवायचं, दिवे घालवायचे. मग दार उघडं धरून बाहेर यायचं, किल्ली फिरवायची, आत शिरून दार लोटून घ्यायचं. त्यानंतर ‘सगळं ठीक’ ऐकू येईपर्यंत ते कुणालाही उघडायचं नाही.

सरावात बंदूकवाला व्हायच्या मुख्याध्यापिका हार्टली बाई. रबरी तळाचे बूट घालून एकेका दाराची मूठ फिरवून बघायच्या.

मार्चमधल्या सरावात अनघाने मुलं बसवली, दिवे घालवले, बाहेर येऊन किल्ली फिरवली. आणि दार लोटलं. मग मूठ धरून दोनदा ओढून पाहिली.

चोआ चू कांग भागातल्या आपल्या घरातून निघताना रोज हेच. जाळीच्या दाराचं कुलूप ती ओढते आणि लिफ्ट अडवून उभा असलेला तिचा नवरा प्रबोध ओरडतो, “अगं बाई, लागलंय ते!”

आत्ताही लागलं होतं. फक्त ती बाहेर होती.

किल्ली हातातच होती. पण जिन्याच्या वळणावर रबरी बूट वाजले. आता दार उघडायचं म्हणजे बंदूकवाल्यासमोर उघडायचं. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

हार्टली बाई आल्या. तिच्या कमरेजवळून हात घालून त्यांनी मूठ फिरवली. दार हललं नाही. आत बेंजामिन शिंकलासुद्धा नाही.

“अनघा,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही मेलात.”

*

दुपारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं. जूनमध्ये तिचं कंत्राट संपत होतं, आणि तिला हाच वर्ग हवा होता. त्या वर्गात तिचं आयुष्य छान बसलं होतं, जुन्या चपलेत पाय बसावा तसं.

“वर्ग वाचला, शिक्षिका नाही,” बाई म्हणाल्या. “याला मी पास म्हणू की नापास?”

“चूक माझीच. सवयीने झालं. पण एक विचारू?”

“विचारा.”

“किल्ली फिरवायला मी बाहेर का जायचं?”

“दारंच तशी आहेत. मालक बदलू देत नाही.”

“मुलांची जबाबदारी माझी, ती मी घेते. पण मी बाहेर असते तेवढा वेळ माझी जबाबदारी कुणाची?” बोलून झाल्यावर तिला वाटलं, गेलं कंत्राट.

हार्टली बाईंनी चष्मा काढला. पदराशिवाय, बाहीनेच पुसला.

“तिकडे अमेरिकेत माझ्या शेजारच्या वर्गावर रूथ होती,” त्या म्हणाल्या. “बंदूकवाला खरंच शिरला तेव्हा मुलांना आत घेऊन ती किल्ली फिरवायला बाहेर आली. मुलं सगळी वाचली.”

खिडकीखाली कुणीतरी चेंडू आपटत होतं. अनघाने टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाईंकडे सरकवला.

*

“म्हणजे पगार शिकवण्याचा आणि काम वॉचमनचं!” रात्री पोळीला तूप लावता लावता प्रबोध म्हणाला. “नोकरी आहे ना पण?”

“आहे. मालकाला त्या स्वतः भेटणार म्हणाल्या. मलाही येताय का विचारलं.”

“मग?”

“जाणार! वेदांत, ताटातली भेंडी मला दिसतेय हं.”

*

एप्रिलमधल्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा दारांना आतून फिरवायची खिट्टी आली होती. पुढच्या सरावात अनघाने ती अंगठ्याने फिरवली आणि मुलांमध्ये जाऊन मांडी घातली. बेंजामिनने तिच्या ओढणीत नाक खुपसलं. बाहेरून मूठ हलली, थांबली. अंधारात मुलांच्या केसांना पोहण्याच्या तलावाचा वास येत होता, आणि कुणाचा तरी चिकट हात तिच्या हातात होता. तिला तिथून लवकर उठावंसं वाटेना.

*

अमेरिकेतल्या त्या शाळेत आतून लागणारी कुलपं रूथनेच मागितली होती, गोळीबाराच्या आदल्या वर्षी.