दाबलं की उघडतं

लोकांची घरं मोकळी करून देणं हाच तिचा धंदा. दोन खुर्च्या दिसल्या की एक हलव, भिंतीवर चित्र दिसलं की उतरव, असा तिचा हात चालायचा. गिऱ्हाइकं खूश असायची आणि ती स्वतःही स्वतःवर खूश असायची, जरा जास्तच. तिच्या तावडीतून एकच खोली सुटली होती, वडिलांची.

अण्णा भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून समुद्राकडच्या खोलीत बसून वाऱ्यांवर पुस्तक लिहीत होते. अकरा प्रकरणं झाली होती, शेवटचं तेवढं राहिलं होतं. आणि गेल्या वर्षापासून अण्णा विसरू लागले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना चुकायचे, शेजाऱ्याला भलत्याच नावानं हाक मारायचे. डॉक्टर म्हणाले, आहे ते जपा, डोकं शांत राहील असं बघा. अण्णा अण्णा आहेत तोवर पुस्तक पुरं व्हायला हवं, हे तिनं मनावर घेतलं. आणि शांत म्हटल्यावर तिला दुसरं काय सुचणार!

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या चिठ्ठ्या, खुर्चीच्या पाठीवर नकाशे, खिडकीत दगडांखाली दाबलेले कागद, कान तुटलेल्या कपात पेन्सिली. जमिनीवर पुस्तकांच्या चळती, आणि खिडकीजवळच्या चळतीवर अण्णांची टोपी.

"अगं, त्यांचं सगळं जागच्या जागी आहे," आई म्हणाली. "बाहेर काहीही होवो, ह्या खोलीत ते चुकत नाहीत."

"ह्याला जागच्या जागी म्हणतेस? माझंच डोकं गरगरायला लागलंय."

"तुझं गरगरू दे की. तुला कुठं इथं बसायचंय?"

पण लेकीच्या हट्टापुढे आईचं काही चाललं नाही. अण्णांची रवानगी पंधरा दिवस काकांकडे झाली. तिथून त्यांचा रोज फोन यायचा, "काय गं, संपली का तुझी मोडतोड? माझ्या टोपीला हात लावू नकोस हं!" ती हसायची आणि कामाला लागायची.

आधी तिनं सवयीनं दारातून खोलीचे फोटो काढून ठेवले. मग चिठ्ठ्या उतरवल्या, विषयवार लावल्या, फायलींत घातल्या. भिंतभर पांढरी कपाटं केली, कडी नाही की मूठ नाही.

"ताई, हे उघडायचं कुठून?" सुतार मिस्त्रींनी विचारलं.

"दाबलं की उघडतं, मिस्त्री."

"अहो, पण भिंत कुठली नि कपाट कुठलं, कळत नाही."

"तेच तर हवंय!"

शेवटी उरलं एक टेबल, एक खुर्ची आणि खिडकीभर समुद्र. इतकी देखणी खोली तिनं आजवर केली नव्हती. टोपीसुद्धा कपाटात गेली.

अण्णा परत आले तेव्हा दारात तिला बघून म्हणाले, "आलीस का गं? चहा घेतलास?" मग खोलीत गेले आणि उंबऱ्याच्या आत थबकले. जरा वेळानं खुर्चीच्या कडेवर टेकले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"माझे वारे कुठं गेले?"

तिनं भिंत दाबली. दार टुणकन उघडलं तसे अण्णा दचकले. तिनं फायली दाखवल्या, टोपी दाखवली. ते मान हलवत राहिले. दार मिटलं आणि त्यांच्या लेखी सगळं संपलं. दुपारभर ते भिंतीवरून हात फिरवत होते, नेमकं जिथं कपाट नव्हतं तिथं दाबत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात फिरवणं सोडून दिलं. चौथ्या दिवशी आई चहा घेऊन गेली तर त्यांनी अदबीनं विचारलं, "डॉक्टर कधी बोलावतील हो?"

आईनं कप टेबलावर ठेवला आणि लेकीकडे न बघता बाहेर गेली. आईनं ओरडायला हवं होतं, निदान रडायला तरी.

मग लेकीनं सगळी दारं उघडली. फायली फोडल्या, दोरी बांधली, मोबाइलमधला फोटो बघत एकेक चिठ्ठी अडकवू लागली. पण फोटो दारातून काढलेला. त्यात पसारा तेवढा दिसत होता, कुठल्या चिमट्याला काय होतं ते दिसत नव्हतं. तिनं फोटो मोठा करून पाहिला तर अक्षरं नुसती फिसकटली. कपात पेन्सिली ठेवल्या, चळत रचली, वर टोपी ठेवली. घाईत चिमटे नीट लागत नव्हते. अर्ध्या चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या आणि त्यांत ती मटकन खाली बसली. पंधरा दिवसांत तिनं आपल्या हातानं आपला बाप आवरून टाकला होता.

अण्णा खुर्चीवरून पाहत होते. त्यांना तिची दया आली असावी.

"बाई," ते हळूच म्हणाले, "रडू नका. पण हे सगळं आवरा बरं चटकन."

"अण्णा, तुमचेच कागद आहेत हे."

"असतील. पण माझी लेक येईल इतक्यात. तिला पसारा खपत नाही."

आणि तिला मदत म्हणून तेही वाकून चिठ्ठ्या गोळा करू लागले.