फोटोखालचा नंबर

"सुके, माझ्या फोटोखाली कुनाचा नंबर टाकलाय गं तुमी?"

लंकाबाई फोनवर धापा टाकत होती. मागं गाड्यांचा गलका होता, कुणीतरी "पाथर्डी, पाथर्डी" ओरडत होतं. सुकन्या सावेडीतल्या ऑफिसात खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"कसला नंबर, आये?"

"दवाखान्याचा. शेजारच्या केशरच्या नवऱ्यानं मोबाईलात तुमची ती बातमी पायली. वर मी, खाली दवाखाना. त्याला वाटलं, लंकाकाकूनंच सांगितलाय. सकाळीच गाडीवर बसवून घेऊन गेला तिला. पिशवी काढायला!"

सुकन्यानं पान उघडलं. पदर डोक्यावर ओढलेला आईचा फोटो. त्याच्याखाली निळी चौकट. 'अंगावरून जाणे, पोटदुखी? गर्भपिशवी काढा, निश्चिंत व्हा. आजच फोन करा.' चौकटीत इमारतीचं चित्र होतं आणि त्यात काळ्या फरशीच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर ती लहानपणी आईच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन अख्खी दुपार बसली होती. आई आत होती.

"आये, ह्यो तर तोच दवाखाना."

"मंग? शेजारच्या पोरानं दावलं मला आत्ता. मला वाचाया येत न्हाई, पर पायऱ्या वळखू येत्यात. केशरच्या नवऱ्याचा फोन बंद हाय. मी निघालेय. तू तेवढं त्या नंबराचं बघ."

फोन कट झाला.

त्या नंबराचं काय बघायचं ते सुकन्याला चांगलं ठाऊक होतं, कारण तो तिच्याच हातून आला होता. हे न्यूज पोर्टल जाहिरातींवर जगायचं. प्रत्येक बातमीच्या कोडात वाचकाला न दिसणारे टॅग टाकायचे हे तिचं काम. एक टॅग जाहिराती लावणाऱ्या यंत्राला सांगतो, इथून वाच. दुसरा सांगतो, इथपर्यंत वाच. तिसरा सांगतो, हे सोडून दे. जिथं जाहिरातदार जास्त पैसे मोजतात असे महाग शब्द असतील तिथं यंत्राला बोटानं दाखवायचं, म्हणजे ते तशीच महाग जाहिरात आणून ठेवतं. सोनं, प्लॉट, ऑपरेशन. अपघाताच्या बातमीखाली विम्याची जाहिरात लागली की ऑफिसात टाळी वाजायची. सुकन्याही वाजवायची.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवरची ही बातमी. मोठ्या मिनतवारीनं तिनं आईला बोलतं केलं होतं. 'पाळीत कामाला खाडा पडायचा. खाड्याला मुकादम दंड लावायचा. डाक्टर म्हनला, पिशवीच काढून टाक. काढली. तवापासून कंबर माझी ऱ्हायली न्हाई.' गर्भपिशवी, ऑपरेशन, दवाखाना हे सगळे महाग शब्द आईच्या बोलण्याच्या आगेमागेच होते. सुकन्याच्या सरावल्या हातानं बरोबर त्याच्या आधी टॅग लावला, बरोबर त्याच्यानंतर बंद केला. यंत्राला हंबरडा कुठं वाचता येतो? त्यानं शब्द उचलले आणि जिनं जिथं कंबर गमावली त्याच दवाखान्याचं दुकान तिच्या फोटोखाली मांडलं.

तिनं हर्षलला फोन लावला. पोर्टल त्याचं.

"सर, आईच्या बातमीवरची जाहिरात काढावी लागेल."

"मी येईपर्यंत हात लावू नकोस."

मग तिनं घाबरट माणसं करतात ते केलं. जाहिरात काढली नाही, नुसता टॅग बदलला. आईच्या बोलण्याभोवती 'हे सोडून दे' लावलं आणि पान पुन्हा उघडलं. निळी चौकट तिथंच. पुन्हा उघडलं. तिथंच. यंत्र परत फिरून ते पान वाचेल तेव्हा वाचेल, त्याला काय घाई? घाई केशरला होती. ती आता कुठं असेल? खाटेवर?

हर्षल चहाचा कप घेऊनच आत आला.

"सर, एक बाई ती जाहिरात बघून पोटावर सुरी चालवून घ्यायला गेलीय."

"आपण पाठवलं का तिला? मशीननं लावली जाहिरात."

"मशीनला बोट मी दाखवलं."

"छान दाखवलंस! या आठवड्यात तेवढं एकच पान चाललंय. तुझ्या आईमुळं! अभिमान वाटायला पाहिजे तुला."

"तुमच्या आईचा फोटो लावून बघू का सर, खाली तोच दवाखाना?"

कप टेबलावर आपटला. "तोंड सांभाळ. जाहिरात काढलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

सुकन्या खाली बसली. पानाच्या कोडातला जाहिरातीचा अख्खा तुकडा तिनं निवडला आणि पुसला. पान पुन्हा उघडलं. आईचा फोटो, आईचं बोलणं, आणि खाली कोरी जागा. मघाशीच एवढं केलं असतं तर? हर्षलनं तिच्यापुढचा लॅपटॉप ओढून मिटला.

ती जिन्यात आली तेव्हा फोन वाजला.

"आले मी. आत चाललेय. फोन चालू ठिवते, ऐक. ऐकाया आपलं मानूस पायजे." मग आवाज दबला. फोन पिशवीत गेला असावा.

सुकन्या जिन्याच्या पायरीवर बसली. फोन कानात रुतेल असा दाबून धरला.

"मावशी, पेशंट कोण आहे?" एका मुलीचा आवाज.

"मीच."

"फाईल?"

"जुनी हाय मी. तुमच्याकडंच आसंल बघा कुटंतरी. माझी पिशवी हितंच काढली."

"काकू!" पुरुषाचा आवाज. केशरचा नवरा. "तुमीच तर सांगितला ना ह्यो दवाखाना? आता कशाला तमाशा?"

"तमाशा न्हाई रं बाबा. बातमी सांगतेय. मोबाईलात तुला आर्धीच दिसली."

आणि लंकाबाई सांगू लागली. तेच खाडे, तोच दंड, तीच कंबर. पण पोर्टलवर नव्हतं तेही आलं. लघवी थांबत नाही म्हणून लग्नकार्याला जाणं सोडलं ते. पोरगी बाहेर पायरीवर उपाशी बसली होती ते. सुकन्यानं तोंडावर हात धरला. मुलगी मध्येच "मावशी, बाहेर बसा" म्हणाली, पण दुसरीच कुणी बाई तिला म्हणाली, "बोलू दे की गं तिला."



खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगं ए, कुटं चालली? नंबर येईल आता आपला."

"येऊ द्या," केशरचा अगदी बारीक आवाज. "काकू, माझ्या चपला बाहेर हायेत. त्या ढिगात. मला चक्कर आल्यागत होतंय, जरा बघता का?"

मग दार वाजलं. चपलांची उलथापालथ ऐकू आली. खाली वाकताना लंकाबाईच्या तोंडून नेहमी निघायचा तो "आई गं" निघाला, आणि मग चपला फरशीवर ठेवल्याचा आवाज. आधी एक. थोड्या वेळानं दुसरी.