पाचवा परदेशी

सामना हरला की खापर गोलकीपरच्या डोक्यावर फुटतं आणि जिंकला की फोटो गोल मारणाऱ्याचा छापून येतो, या गोष्टीची निशिकांतला मनापासून चीड होती. कोल्हापुरात पेठेच्या संघाचा गोल राखायचा तेव्हापासूनची. आता तो सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, कारखान्यांच्या बेटावर, इंजिनियर होता. सकाळी कंपनीच्या बसने जायचा आणि संध्याकाळी गळ्यातला पास खिशात कोंबून परस्पर मैदान गाठायचा. तिथे एका छोट्या व्यावसायिक क्लबच्या गोलकीपरांना तो हौसेने शिकवायचा. विभा, त्याची बायको, या हौसेला खाज म्हणायची.

क्लबचा मुख्य गोलकीपर होता राडेक. चेक माणूस, चौतिशी ओलांडलेला, उंच आणि हाडापेराने मजबूत. आपल्या देशात त्याला कधी मोठा क्लब मिळाला नाही. मग स्लोव्हाकिया झालं, सायप्रस झालं, कझाकस्तानच्या थंडीत दोन हंगाम झाले, आणि गेली तीन वर्षं सिंगापूर. करार सगळीकडे एकेका वर्षाचा. दर वर्षी हंगाम संपत आला की हा माणूस महिनाभर धड झोपत नसे.

यंदा तर क्लबच्या अध्यक्षांनी त्याला उघडच सांगून टाकलं होतं. त्यांच्या स्पर्धेत मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालत. चारांतली एक जागा गोलमध्ये नुसती उभी राहते हे अध्यक्षांना सलत होतं. त्या जागी आणखी एखादा गोल मारणारा आणला तर लोक बघायला तरी येतील.

"नुसता उभा राहतो?" निशिकांत त्यांच्या केबिनमध्ये ताडकन उठला होता. "हा नसता तर आपण तळाला असतो."

बरीच हुज्जत झाल्यावर अध्यक्ष एवढंच म्हणाले, "कपची फायनल गाठा. मग त्याचा करार वाढवतो."

म्हणजे सगळं उपांत्य सामन्यावर आलं. जिंकले तर राडेक राहणार, हरले तर त्याचा कामाचा पास रद्द होऊन तो देशाबाहेर जाणार. आणि इथून गेला की त्याला दुसरा क्लब मिळणार नव्हता. या वयाच्या गोलकीपरला विमानाचं तिकीट कोण पाठवतो?

निशिकांतचा जीव त्याच्यात गुंतला होता, त्याला कारणही तसंच होतं. राडेक त्यांच्याच वस्तीत, बुकित पंजांगला, पलीकडच्या ब्लॉकमध्ये एकटा राहायचा. पहिल्याच वर्षी विभाने त्याला रविवारी जेवायला बोलावलं आणि मग ते ठरूनच गेलं. तो विभाला 'वहिनी' म्हणायचा, कोल्हापुरी ठेचा खाऊन लालबुंद व्हायचा आणि तरी पुन्हा मागायचा. गणपतीत आरतीला झांजा वाजवायचा, त्याही बेधडक चुकीच्या ठेक्यावर. निशिकांतची मुलगी अवनी त्याच्या खांद्यावर बसूनच लहानाची मोठी झाली होती. "राडेक अंकल आल्याशिवाय आय डोन्ट वॉन्ट टू ईट लाह," असं अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणून ती दाराशी बसून राहायची.

उपांत्य सामन्याच्या दिवशी संघाचा मॅनेजर तापाने फणफणला. खेळाडू बदलायचे कागद पंचांकडे देणं आणि परदेशी किती झाले यावर नजर ठेवणं हे त्याचं काम. मुख्य कोच लिम यांनी ते निशिकांतच्या गळ्यात टाकलं.

"तू इंजिनियर आहेस. मोजण्यात चुकणार नाहीस."

सामना सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्या तासातच आपल्या संघाने गोल केला. पुढे मात्र सगळा खेळ आपल्याच गोलसमोर चालला. राडेक त्या दिवशी काय खेळला! एक चेंडू त्याने बोटांच्या टोकांनी दांड्यावरून बाहेर काढला, एक पायाने अडवला, एकदा तर गर्दीत झेप घेऊन समोरच्याच्या बुटाखालून चेंडू ओढून छातीशी धरला. निशिकांत बाकावर बसूच शकत नव्हता.

शेवटची वीस मिनिटं उरली असताना लिमनी राखीव ब्राझीलियनला उठवलं. दमलेल्या स्थानिक विंगरच्या जागी त्याला आत पाठवायचं होतं.

"निशी, परदेशी बघ. बसतो ना हा?"

निशिकांतने मैदानावर नजर टाकली. बचावात सर्बियन, मध्ये जपानी, पुढे घानाचा पोरगा. तीन झाले, हा चौथा.

"बसतो," तो म्हणाला.

चौथ्या पंचाने नवीन खेळाडूचे बूट पाहिले, नंबर पाहिला आणि आत सोडलं. मोजणी क्लबची जबाबदारी, पंचांची नव्हे. त्या ब्राझीलियनच्या पायाला उरलेल्या वेळात चेंडू जेमतेम लागला. शेवटच्या क्षणी पेनल्टी झाली तीही राडेकने अडवली, आणि शिट्टी वाजताच तो धावत आला तो लिमकडे नाही की अध्यक्षांकडे नाही, थेट निशिकांतकडे. त्याने त्याला जमिनीवरून उचललंच.

"वहिनीला सांग," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीही ठेचा कर."

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये लिमचा मेसेज आला. समोरच्या क्लबने तक्रार केली होती. आपण पाच परदेशी खेळवले म्हणे.

निशिकांतला हसू आलं. त्याने बोटांवर मोजलं. सर्बियन, जपानी, घाना, ब्राझील. चारच. त्याने पुन्हा मोजलं, पुन्हा चारच. तसं त्याने कळवलं.

लिमचं उत्तर आलं: "आणि गोलमध्ये कोण होता?"

बस पुलावरून बेटावर शिरत होती, गेटवर सगळ्यांनी पास बाहेर काढले, आणि निशिकांतला आपला पास कुठल्या खिशात आहे तेही सुचेना. मागच्यांनी आवाज दिला तेव्हा तो भानावर आला.

दोन दिवसांत निकाल लागला. सामना समोरच्यांना बहाल, नियमाप्रमाणे तीन-शून्य. ज्याने एकही चेंडू आत जाऊ दिला नव्हता त्याच्या नावावर कागदोपत्री तीन गोल चढले.

राडेकला कुणी सांगायच्या आत आपण सांगायचं, एवढं एकच निशिकांतला सुचलं. तो लवकर मैदानावर गेला. राडेक कपडे बदलायच्या खोलीत बोटांना चिकटपट्टी गुंडाळत बसला होता. निशिकांतने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मोजणी माझ्याकडे होती, मी चुकलो.

"कुणाला विसरलास?" राडेकने विचारलं.

"तुला."

राडेकचा हात थांबला.

"मी गोलकीपर म्हणून?"

"नाही रे. तू..." निशिकांत त्याच्या समोर बसला. "मी परदेशी मोजत होतो. तू माझ्या डोक्यात त्यांच्यात नव्हतासच."

राडेकने चिकटपट्टी ओरबाडून काढली, चुरगळली आणि भिंतीवर फेकली. "पाच देशांत खेळलो. जिथे गेलो तिथे पहिला मोजला गेलो तो मीच. एअरपोर्टवर, क्लबात, घर भाड्याने घेताना. मोजून मोजून बाहेर काढलं लोकांनी मला. त्याची सवय आहे." त्याचा आवाज चढत गेला. "आणि तू न मोजता काढलंस! आता यावर मी तुझ्यावर नीट रागावू तरी कसा? सांग ना."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर निशिकांतला बरं वाटलं असतं. राडेक हातमोजे न घालताच बाहेर पडला. त्या दिवशी तो सरावाला थांबला नाही, नंतरही आला नाही. निशिकांतने केलेला फोन नुसता वाजत राहायचा. अध्यक्ष मात्र तत्पर निघाले. नव्या स्ट्रायकरचा फोटो आठवडा संपायच्या आत झळकला. तो फोटो पाहून निशिकांतच्या डोक्यात तिडीक गेली, पण बोलणार कोणत्या तोंडाने? त्या माणसासाठी जागा तर त्यानेच मोकळी करून दिली होती.

रविवारी विभा भाकरीचं पीठ काढत होती. निशिकांत खिडकीशी उभा होता. पलीकडच्या ब्लॉकमध्ये राडेकच्या गॅलरीत आज नेहमीसारखे हातमोजे वाळत घातलेले नव्हते.

"किती जण आहोत जेवायला?" विभाने आतून विचारलं.

"चौघं," तो म्हणाला.

आत पीठ चाळायचा आवाज थांबला. विभा दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं. आत जाऊन तिने चौघांच्या भाकऱ्या थापल्या आणि ठेचाही केला. अवनी दाराशी जाऊन बसली. भाकऱ्या गार झाल्या तरी तिला उठवायला कुणी गेलं नाही.