निळा अभ्रा

"फोडांवर ठिपके नाही द्यायचे गं. सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचं. हे बघ, एवढंच." नर्सबाईंनी ट्यूब दाबून बोटाच्या पेरावर वाटाण्याएवढं मलम काढलं.

समोरच्या मुलीने मान वर केली नाही. केस दोन्ही गालांवर ओढून घेतलेले. मागे तिचे वडील उभे होते.

"सिस्टर, ही दिवसभर आरशापुढे. काच झिजेल एक दिवस! आमच्या वेळी काय मुरमं नव्हती? आली तशी गेली."

मुलीचे कान लाल झाले.

डॉक्टर औषध लिहून देतात. ते कसं लावायचं, हे शेजारच्या खोलीत नर्सबाई समजावतात. त्वचेच्या विभागात त्यांना दहा वर्षं झाली. कुणाच्या चेहऱ्याची थट्टा करायची नाही, हा त्यांचा नेम. रोज सकाळी प्रार्थनेला बसल्या की तो मनाशी नव्याने घेतात.

"गेली ना, भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण जाईपर्यंत कुणी काय काय म्हणालं, ते विसरलात?"

वडील खाली बघत म्हणाले, "खडबड्या म्हणायचे मला. मास्तरसुद्धा."

मुलगी खुदकन हसली. तेव्हा कुठे तिचा चेहरा दिसला.

"दोन-तीन महिने धीर धर," नर्सबाई तिला म्हणाल्या. "सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, सालपटं निघतील. फारच झोंबलं तर एक दिवसाआड लाव, पण घाबरून सोडू नकोस. आणि उशीला पांढरा अभ्रा घाल हं. या मलमाने रंगीत कापडाचा रंग उडतो."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज नेहमी बारीक होतो.

स्वतःची लेक सोळा वर्षांची होती, तेव्हा त्या हाडांच्या वॉर्डात होत्या. घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडायचे. लेक आरशापुढे दिसली की त्याही म्हणायच्या, "काच झिजेल गं बाई!" हसत म्हणायच्या, म्हणून ते लागत असेल असं कधी वाटलंच नाही. एकदा धुणं वाळत घालताना नव्या निळ्या अभ्र्यावर पांढरट डाग दिसले. "साबणाची पावडर नीट विरघळवायचं भान नाही! एक काम धड येईल तर शपथ!" लेकीने अभ्रा त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा करून दोरीवर टाकला. दोन वर्षांनी शिकायला गेली, ती तिकडचीच झाली. रविवारी फोन येतो, नुसता आवाज. "दिस की जरा," म्हटलं की म्हणते, "नेट नाही गं, आई."

या विभागातल्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टर एका मुलीला पांढऱ्या अभ्र्याचं सांगत होते. ते ऐकून नर्सबाईंना तो निळा अभ्रा आठवला होता. आपल्या पोरीने मलम लपवून लावलं होतं. आईपासून लपवून.

आज मात्र तो बाप परक्या बाईसमोर आपलं जुनं दुखणं बोलून गेला होता. दुपारच्या सुट्टीत डबा न उघडताच त्यांनी फोन लावला.

"आई? आत्ता? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तो निळा अभ्रा आठवतो? ते डाग मलमाचे होते. मी उगाच बोलले तुला. आरशावरूनही बोलायचे."

पलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकली.

"अजून ठेवलायस तो?"

"आहे."

"टाकून दे गं. तुला कधी कळलं?"

"दहा वर्षं झाली."

"आणि आज सांगतेस?"

"धीर होत नव्हता."

"मला बोलावतायत, आई. रविवारी करते," लेक म्हणाली. आवाज ओला होता की लाइनच खराब होती, कळलं नाही. "दिस की" म्हणायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, त्यांनी कपाटाच्या तळाचा अभ्रा काढला आणि लेकीच्या रिकाम्या पलंगावरच्या उशीला चढवला. डाग सगळे एकाच बाजूला होते, भिंतीकडच्या. म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून झोपायची.

त्यांनी त्या फिक्या जागेवर तळहात ठेवला. अगदी हलका, मलम अजून ओलंच असावं तसा.