इतवारीबाईच्या पाठीवरची हवा

मी टाकी आहे. पाण्याची नव्हे, हवेची. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बघून दहातले नऊ जण स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर समजतात, आणि दहावा लांबून वळसा घालून जातो. माझ्यात गॅस नाही, औषध नाही. तुम्ही आत्ता नाकानं घेताय तीच साधी हवा, फक्त दाबून दाबून भरलेली. कपाटभर हवा माझ्या एवढ्याशा पोटात मावते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा जाड गोळा यंत्राखाली दाबला, ओढला, आणि मी झाले. अंगावर कुठं सांधा नाही. खांद्यावर सन ठोकलं, १९९६. ठोकताना दुखतं का, असं कुणी विचारलं नाही.

तिथून जहाजानं मी अंदमानला आले आणि पोर्ट ब्लेअरच्या एका बोटीवर कामाला लागले. या बोटीची तऱ्हाच वेगळी होती. माणसं सहा-सहा दिवस तिच्यावरच राहायची, तिथंच जेवायची, तिथंच झोपायची आणि दिवसातून तीनदा मला पाठीवर बांधून समुद्रात उतरायची. कशासाठी? मोठमोठे मासे बघायला. धरायला नाही, खायला नाही. नुसते बघायला. मला पहिली दोन वर्षं हे खरंच वाटलं नाही.

पण पाठीवर बसल्या बसल्या एक विद्या मला आली. माणूस माझ्यातून श्वास कसा ओढतो, त्यावरून तो कसा आहे ते मला कळायला लागलं. बोटीवर जो सगळ्यात जास्त बढाया मारतो, तो खाली गेल्यावर दहा मिनिटांत माझी अर्धी हवा फस्त करतो. नवरा-बायको भांडून उतरले असतील तर दोघांच्या टाक्या एकदमच रिकाम्या होतात. म्हाताऱ्या बायका सगळ्यात कमी हवेत सगळ्यात जास्त बघून येतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, अंगावर सोसलेलं आहे.

बोटीवर पाण्यात उतरायला शिकवणारा होता जुबेर. मूळचा चंद्रपूरचा, वेल्डिंगवाल्या बाबूभाईंचा मुलगा. सन २००३ च्या जानेवारीत तो सुट्टीवर घरी निघाला, तेव्हा मला आणि माझ्यासारख्या आणखी एकीला भरून, गोधडीत गुंडाळून त्यानं सोबत घेतलं. चेन्नईहून रेल्वेनं बल्लारशाहला. बाकाखालची गोधडी टीसीनं पायानं ढोसली.

"यात काय आहे?"

"हवा हाय साहेब."

"का, चंद्रपुरातली संपली?" असं म्हणून टीसी पुढं गेला. थट्टा वाटली म्हणून सुटलो.

जुबेरला दोन बायकांना शिकवायचं होतं. एक दीपाली, चंद्रपूरचीच. जंगली जनावरांचा अभ्यास करणारी. दुसरी इतवारी, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. चाळिशीची, काटक, पायात चप्पल नाही. वाघांच्या मोजणीला दीपालीबरोबर ती तीन उन्हाळे फिरली होती. ओल्या मातीतला पंजा बघून ती सांगायची, मादी आहे, पोटात पिल्लं आहेत, आणि मागचा डावा पाय दुखतो. साहेब लोक आधी हसायचे, मग कागदावर तेच लिहायचे.

आता दीपालीला समुद्रातल्या एका माशाची ओळखपरेड करायची होती. व्हेल शार्क म्हणतात त्याला. एसटीएवढा लांब, पण माणसाला काही करत नाही. अंगावर पांढरे ठिपके, आणि एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे नसतात. मदतीला एक माणूस नेता येणार होता. दीपालीनं शिकलेली पोरं सोडून इतवारीला निवडलं. वरच्या लोकांना हे पटलं नव्हतं. इतवारीला मात्र एकच प्रश्न पडला होता.

"पाण्यात त् ठसा राह्यत नाई. मंग त्याले वळखाचं कसं?"

"ते बघायलाच तर जायचं," दीपाली म्हणाली.

"मंग मी येतो," इतवारी म्हणाली. तिच्याकडं बायाही 'मी येतो' म्हणतात.

चिमूरकडं एक मामा तलाव आहे. माजी मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेले तलाव, त्यांना इथं मामा तलाव म्हणतात. तिथं आमची शाळा भरली. एका बाजूला म्हशी, एका बाजूला आम्ही. तलावात मासे धरणारा डोमा ढिवर काठावर बसून बघत होता.

"काऊन बाई, मासे धराले एवढं सोंग?"

"धराले नाई, पाहाले," इतवारी म्हणाली.

"पाहाले त् बाजारात ये बुधवारी. मीच दाखवतो."

इतवारीला पोहता येत होतं. मला पाठीवर घेतलं, नळी तोंडात धरली आणि ती पाण्याखाली गेली. काय सांगू, अशी ओढ मी आधी अनुभवली नव्हती. लांब, शांत, एकसारखी. मनात म्हटलं, ही बाई मला दीड तास पुरवील.

तेवढ्यात कमळाच्या देठांतून एक हातभर मरळ मासा समोर आला. आणि ओढ थांबली. एकदम बंद. तिनं छातीत हवा भरून घेतली होती आणि ती सोडतच नव्हती. भरलेल्या घागरीनं बुडावं तसं माणसाचं नसतं, भरलेली छाती माणसाला वर नेते. आम्ही दोघी बुचासारख्या वर आलो. जुबेर मागून धडपडत आला. 

"बाई, श्वास रोकाचा नाई म्हणून मी किती डाव सांगतलं? खाली भरलेली हवा वर येता येता फुगते. इथी पुरुषभर पाणी हाय. समुद्रात असं केलं त् फुप्फुस फाटते."

"मी कुठी रोकला? आपोआप झालं," इतवारी म्हणाली. "जनावर समोर आलं का आमी श्वास नाई सोडत. त्याले वास जाते, आवाज जाते. लहानपणापासून असंच हाय."

"मासा त् नाकानं श्वास घेत नाई."

"पण हे भुडभुड? एवढा आवाज केला त् थांबन का तो?"

 मला तिचं म्हणणं पटलं. भीती नव्हती ती, अदब होती. आयुष्यभर ज्या सवयीनं तिला जनावर दिसलं, तीच सवय इथं तिचा जीव घेणार होती.

चार दिवसांत बाकी सगळं तिला आलं. तेवढं एक आलं नाही. जुबेरनं तरी तिला नेलं, पण निघतानाच सांगून टाकलं, "समुद्रात एक डाव जरी श्वास रोकला, त् मी तुमाले वर बशीवतो. मंग मासा दिसो का न दिसो."

फेब्रुवारीत आम्ही बोटीवर चढलो. सहा दिवसांची फेरी. पहिल्याच दिवशी तिच्यासमोरून एक भलंमोठं कासव गेलं. ओढ बंद. जुबेरनं दंड धरून तिला सावकाश वर आणलं आणि जाकिटाचा पट्टा स्वतः सोडवला.  

पुढचे तीन दिवस बाकीचे लोक उतरायचे, वर यायचे आणि ताटावर बसून हात पसरून सांगायचे, एवढं मोठं पाकट पाहिलं, एवढी शेपटी. इतवारी ऐकायची. तिचे प्रश्न मात्र थांबत नव्हते. समुद्रातच उभा असलेला धूर सोडणारा डोंगर दिसला, तर हिनं विचारलं, त्याच्यावर कोणतं झाड आहे. दीपालीच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. ज्यांना इतवारी नको होती, त्यांना ती काय सांगणार होती?

चौथ्या दिवशी दुपारी जुबेर माझी तोटी तपासत होता. इतवारी शेजारी येऊन बसली.

"बाई, राग आला असन," जुबेर म्हणाला.

"तुह्या नाई. माह्याच छातीचा आला." मग समुद्राकडं बघत ती म्हणाली, "आता तिकडं मोह लागला असन. बाया झुंझुरकाच, अंधारातच फुलं येचाले जात असतीन."

"अस्वल नाई येत काय मोहाखाली?"

"येते ना. आमच्याआधी येते."

"मंग तिथी बी श्वास रोकता?"

"हट. अस्वलाले त् सांगा लागते आमी आलो म्हणून. अंधारात अचानक अंगावर गेलं का फाडते ते. म्हणून रेला म्हणत जातो सगळ्या बाया, रानभर आयकू जाते."

जुबेरचा हात तोटीवरच थांबला. "बाई, गाणं म्हणताना श्वास रोकता येते काय?"

 इतवारीनं नळी तोंडात धरली आणि रेला म्हणायला लागली. शब्द कुठले फुटणार? नुसता हूं हूं आवाज. पण माझ्या धातूच्या अंगात तो असा घुमला की शेजारची टाकीसुद्धा थरथरली. ओढ, सूर, ओढ, सूर. मध्ये खंड नाही. सगळी दुपार तिनं हेच केलं. बोटीवरचे लोक वैतागले. स्वयंपाकी म्हणाला, बाईला पोटदुखीचं काही द्या.

पाचव्या दिवशी सकाळी जुबेरनं मला तिच्या पाठीवर बांधलं. "शेवटचं," एवढंच म्हणाला.

खाली पाणी हिरवट होतं. पुढं जुबेर, मध्ये कॅमेरा घेतलेली दीपाली, मागं आम्ही. इतवारी रेला म्हणत होती. वीस मिनिटं काहीच नाही. मग खालच्या अंधारातून आधी एक रुंद तोंड आलं, खाटेएवढं, उघडं. त्याच्यामागं अंग. ते संपेचना. काळसर पाठीवर पांढरे ठिपके, रांगेनं. चितळाचं कातडं कुणी समुद्रात पसरावं तसं.

गाणं थांबलं. ओढही थांबली.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. आम्ही हातभर वर सरकलो. चार, पाच. जुबेर पुढं होता, त्याची पाठ आमच्याकडं. दीपालीचा डोळा कॅमेऱ्याला. सहा. सात. मी काय करणार होते? माझ्याकडं हवा आहे, हात नाहीत. घे बाई, घे, म्हणत होते, पण मला कोण ऐकतं.

तेवढ्यात तो मासा जरा वळला आणि त्याचा डोळा आमच्यावर आला. एवढ्या मोठ्या देहाला लिंबाएवढा डोळा. त्यानं सरळ इतवारीकडं पाहिलं.

पुढं काय झालं ते तिनं नंतर दीपालीला सांगितलं, तिच्याच शब्दांत सांगते. "त्यानं पाह्यलं ना मले. मंग लपून काय फायदा? जनावरानं पाह्यलं का आपण कोण हाओ, ते त्याले सांगा लागते."

तिनं छातीतली सगळी हवा सुरावर सोडली. त्या बुडबुड्यांचा आवाज मला अजून आठवतो. मग जी ओढ आली, ती माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी. आमचं वर जाणं थांबलं. मासा पळाला नाही. संथपणे बाजूनं गेला, आणि ती पूर्ण वेळ त्याच्या शेजारी गात राहिली. जुबेरनं वळून पाहिलं तेव्हा तिच्या तोंडातून बुडबुडे येत होते, एकामागं एक. तो पुढं आला नाही. जिथं होता तिथंच थांबला.

वर आल्यावर कळलं की हिरव्या पाण्यामुळं दीपालीचे फोटो गढूळ आले होते. ठिपका एक ओळखू येईना. दीपाली डोकं धरून बसली. इतवारीनं स्वयंपाकघरातून कोळसा आणला आणि फळीवर काढायला लागली.

"डाव्या अंगाले, कल्ल्यामागं. हे तीन, चुलीच्या दगडावाणी. चौथा भाईर, जसा राखेत पडला. खाली पाच, वाकडी रांग. आन् पाठीवरच्या पंखाले कापलेलं हाय, जुनं."

दुसऱ्या वर्षी आमच्याच बोटीवरच्या एका पाहुण्यानं स्वच्छ पाण्यात फोटो काढला. कल्ल्यामागं चुलीचे तीन दगड, चौथा बाहेर. तोच मासा. दीपालीच्या कागदावर त्याच्यापुढं लिहिलं आहे: प्रथम नोंद, इतवारी. तिचं नाव कागदावर पहिल्यांदा आलं, ते असं.

सन २००७ मध्ये बोट विकली गेली. माझ्या तपासणीची तारीख उलटली होती. तारीख उलटलेल्या टाकीला कुणी हवा भरत नाही. शेवटच्या बुडीतली चौथाई हवा पोटात होती, तशीच जुबेरनं मला गावी आणून धानोऱ्याच्या एसटीत चढवलं, सोबत तोंडात धरायची नळी. तेव्हापासून मी इतवारीच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी उभी आहे.

गावात आधी कुणाचा विश्वास बसला नाही. एवढा मासा, ठिपक्यांचा, आणि ही त्याच्यासमोर गात होती. सुकलू नावाचा एक म्हातारा अजून हसतो. इतवारी कुणाशी वाद घालत नाही. जो हसतो, त्याला ती चहा देते. जो प्रश्न विचारतो, त्याला माझ्यापाशी आणते, नळी तोंडात देते आणि तोटी जराशी उघडते. "घे, तिथची हवा हाय." कुणी विचारतं, मासा झोपतो कुठं. कुणी विचारतं, त्याला थंडी वाजते का. शेजारची बायनाबाई म्हणाली, त्याला पिल्लू झालं तर ते दूध कसं पितं. यातलं बरंचसं इतवारीलाही माहीत नाही. मग ती कुणाकडून तरी दीपालीला पत्र लिहून घेते.

धानोऱ्याचा पंक्चरवाला एकदा म्हणाला, आणा, मी भरून देतो फुकटात. इतवारीनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

आता माझ्यात फार नाही. तीस-चाळीस श्वास असतील. संपले की मी नुसतं भांडं. त्याचं मला दुःख नाही, भांड्यात तांदूळ ठेवता येतात. तुम्हाला एकच सांगते. कधी या बाजूला आलात, तर हात हलवत येऊ नका. इतवारीला माहीत नसलेला एखादा प्रश्न घेऊन या, आणि लवकर या.